चक्कीवालीचा आवाज

हे म्या आजवर कोणाले सांगतलं नाही. बायकोले नाही, इरफानले नाही — आणि जिले सांगाले पाहिजे होतं तिले तर नाहीच नाही. तुले सांगून राह्यलो. काहून, ते मले विचारू नको.

मी पुण्यात राहतो, गेमवर बोलतो. हो, तेच माहं पोट भरायचं काम. नवीन गेम आला की खेळायचा, मराठीत व्हिडिओ करायचा, शेवटी दहापैकी गुण द्यायचे. मूळचा मी कामरगावचा, वाशिम जिल्ह्यातला. पण माहे व्हिडिओ पाहशील तर तुले ते कळणार नाही. तिथं मी ‘मला’ म्हणतो, ‘तुला’ म्हणतो, ‘मित्रांनो’ म्हणतो. घरचं बोलणं मी चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवलं होतं.

इरफान माहा शाळेपासूनचा, गावातलाच दोस्त. त्याचे अब्बा शिलाईचं काम करतात, आणि तो कारंज्याले जाऊन पोरांले कॉम्प्युटर शिकवतो. पण त्याचं खरं येड म्हणजे गेम. एकट्यानं बसून त्यानं दोन मारामारीचे गेम बनवले. पहिल्यात आखाड्यातले पैलवान. दुसऱ्यात आठवडी बाजारातल्या बाया — भाजीवाली, भांडेवाली, बोंबीलवाली, एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या. मग त्याच्या डोक्यात आलं, दोन्ही गेममधली माणसं एकाच मैदानात आणून भिडवायची. अशा भेसळीच्या गेमले क्रॉसओव्हर म्हणतात. मोठ्या कंपन्या करोडो रुपये घालून बनवतात असे गेम. यानं बनवला शिलाई मशीनच्या बाजूला खुर्ची टाकून. तीन वर्षं लागले. नाव ठेवलं ‘बाजार विरुद्ध आखाडा’.

आता खरं सांगू? गेम चांगला होता. आपल्यातला म्हणून नाही म्हणत — चांगलाच होता. ऑनलाईन खेळताना अटके, ते खरं. पैलवान जरा जास्तच सुस्त होते. आखाड्याच्या गेमचे जुने चाहते तर भडकलेच होते, की भाजीवाली आमच्या पैलवानाले चीत करते म्हणजे काय मस्करी हाय का? पण ज्यांनी नीट खेळून लिहिलं त्यांनी तारीफ केली. हैदराबादच्या एका पोट्ट्यानं इंग्रजीत लिहिलं, असा गेम म्या पायला नाही. मराठीत मात्र कोणी बोललं नव्हतं. सगळे माही वाट पाहत होते. आणि सगळ्यात जास्त कोण पाहत होतं — ते येते पुढं.

गेममध्ये एक नवीन बाई होती. चक्कीवाली. दोन्ही जुन्या गेममध्ये नव्हती, इरफाननं या गेमसाठीच बनवली होती. समोरच्याच्या डोळ्यात ओंजळभर पीठ फेके, तसा सगळा पडदा पांढरा होई, आणि त्या पांढऱ्यातून तिचा आवाज ये — “काहून रे, भेला का?”

आमच्या घरी चक्की हाय. बाबांचे गुडघे गेले तेव्हापासून मायच चालवते. चक्कीच्या घरघरीत बोलून बोलून तिचा आवाजच तसा झाला हाय — फाटका, उंच, रस्त्याच्या पल्याड जाणारा. ती हळू बोलूच शकत नाही. लहानपणी मी खेळाले दूर बंधाऱ्यापर्यंत जाओ, तरी तिनं हाक मारली की मले ऐकू ये. सोबतचे पोट्टे हासत, आला भोंगा म्हणत.

समजलं ना तुले?

इरफाननं मले सांगतलं नव्हतं. लाईन गेली की चक्कीसकट गावातल्या सगळ्या मोटरी बंद पडतात, तेवढ्या वेळात तो पळत आमच्या घरी ये. मागच्या खोलीत चारही बाजूंनी गोधड्या टांगून त्यानं मोबाईलवर मायचा आवाज घेतला होता. मायनं त्याले बजावलं होतं, माह्या पोराले सांगू नको, त्याले आपोआप कळू दे.

आपोआपच कळलं. पहिल्याच हाकेत.

पुण्याच्या ऑफिसात गेम खेळत होतो, पण एकटा नव्हतो. सोबतचे दोघं होते, कॅमेरा सुरू होता. चक्कीवाली ओरडली आणि दोघंही खो-खो हासले. एकानं डोळे पुसत मले विचारलं, “कोण आहे रे ही बाई?”

किती वेळ लागला असता बोलाले? तीन शब्द. माही माय हाय. तेवढंच — आणि ते दोघं चूप झाले असते, कदाचित वरमले असते, कदाचित वाहवा म्हणाले असते. पण मले त्या क्षणी काय दिसलं सांगू? पिठानं भरलेल्या भुवया, खांद्यावर खोचलेला पदर, आणि ती या काचेच्या ऑफिसात उभी. मले लाज वाटली. माह्या मायची मले लाज वाटली, बस. त्याले दुसरा शब्द नाही.

मी म्हणालो, “काय माहीत.”

आणि तिथंच थांबलो असतो तरी… पण नाही ना. हासणाऱ्यांत मले सगळ्यात मोठ्यानं हासायचं होतं. कॅमेऱ्याकडे पाहून म्हणालो, “मित्रांनो, हा आवाज आहे की चक्कीचा पट्टा तुटलाय? कुणीतरी या काकूंना सांगा, माईक तोंडासमोरच आहे.” मग ती हाक आमी तीनदा लावली. तिन्ही वेळा हासलो. गुण दिले दहापैकी तीन. आठ द्यायचे मनात होते. आठ दिले असते तर मग त्या आवाजाचं काहीतरी चांगलं बोलावं लागलं असतं.

तो व्हिडिओ माहा सगळ्यात जास्त चालला. माहाच डायलॉग लोकांनी उचलला. पोट्टे त्याच्यावर आणखी व्हिडिओ करू लागले. ज्यांनी गेम कधी उघडला नव्हता तेही तीन गुण देऊन मोकळे झाले.

कामरगावात तो व्हिडिओ लागला तेव्हा मायनं चक्की बंद केली होती. दळण घेऊन आलेल्या पाच-सहा बायांले थांबवून घेतलं. म्हणे, थांबा वं, माहं पोट्टं आता माहं नाव घेईन. हे मले इरफाननं सांगतलं, नंतर. रागानं नाही सांगतलं. रागानं सांगतलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. जेवला का, विचारलं. मग म्हणाली, तो आवाज माहा होता रे.

आता ऐक, कारण गुन्हा इथं हाय. व्हिडिओत नाही — इथं. मी म्हणालो, “अवं माय! मले माहीतच नव्हतं. मले वळखूच आला नाही.”

मग तिनंच मले सावरून घेतलं. “हो ना रे, मोबाईलमधी आवाज बदलते.” आणि मले — हसशील तू, नाही तर थुकशील — मले हलकं वाटलं. सुटलो म्हणून. इरफानलेही तेच सांगतलं, वरून म्हणालो की शेवटपर्यंत खेळलोच नाही, म्हणून शेवटच्या नावांच्या यादीत तिचं नाव पायलं नाही. लहान चोरी कबूल करून मोठी लपवली. तो एवढंच म्हणाला, “मले वाटलं होतं, तू पहिल्याच हाकेत वळखशीन.”

महिन्याभरात त्यानं गेममधून तो आवाज काढून टाकला. आता चक्कीवाली पीठ फेकते, तोंड उघडते, आवाज येत नाही. त्यानंतर त्यानं गेम बनवला नाही. खुर्ची अजून तिथंच हाय, त्याच्यावर आता अब्बांची कापडं असतात.

पोळ्याले मी घरी गेलो. चक्की सुरू होती. मी दाराशीच चपला काढत होतो आणि माय आत शेजारच्या बाईसंग बोलत होती. घरघरीत आपलं बोलणं बाहेर जात नाही असं तिले वाटते. सगळं जाते. सगळ्या गावाले माहीत हाय, फक्त तिलेच नाही.

“हासला त्याचं मले काही नाही वं,” ती म्हणत होती. “हासू दे. पर पोराले मायचा आवाज वळखू नाही आला. एवढा दूर गेला का तो?”

मी तिथं उभा होतो, एक चप्पल पायात. आत जाऊन सांगता आलं असतं — वळखला होता माय, पहिल्याच हाकेत वळखला होता. तिचं ते दुःख तिथल्या तिथं मिटलं असतं. पण मग तिले हेही कळलं असतं की पोरानं वळखून, जाणून, तीनदा लावून तिले हासलं. दोन्हीतलं एक दुःख तिले मिळणारच होतं. म्या मले सोयीचं ते तिच्या पदरात टाकलं. आणि आत जाऊन म्हणालो, माय, भूक लागली.

तीन वर्षं झाले याले. चक्की चालते. मी अजून गुण देतो.

दर रविवारी तिचा फोन येते. माह्या मोबाईलवर तिचं नाव दिसते, तिचा फोटो दिसते, हे तिले पक्कं माहीत हाय — तिच्यासमोरच म्या तो फोटो लावला. तरी मी फोन उचलला की ती सगळ्यात आधी, हळू आवाजात, जेवढा हळू तिले जमते तेवढ्या हळू आवाजात म्हणते, “मी बोलून राह्यली रे. तुही माय.”

मी म्हणतो, हो, बोल.