लाल पेन दप्तरात गेलं

त्या मंगळवारी सकाळी इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आमच्या किचनमध्ये मी चहा गाळत होते, आणि समोर फोनमध्ये माझी नात रडत होती. सई. वय चोवीस, जन्म इथलाच, मुक्काम सध्या कोरिया. तिथल्या लहान मुलांना इंग्रजी शिकवते.

आधीच सांगते, मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि सूनबाई टाइप करते. मधेच स्वतःच्या मनाचंही घालते, म्हणून शेवटी सगळं तिच्याकडून मोठ्याने वाचून घेते...

तर सई. तिथली मुलं दिवसभर शाळेत असतात, आणि शाळा सुटली की क्लासला जातात. हिचा क्लास दुपारी, तेव्हा आमच्याकडे सकाळ. क्लासच्या आधी ती मला फोन करते, त्यामुळे कोरिया मला घरबसल्या पाठ झालाय.

तिथे चपला दाराशी काढतात. वस्तू देताना-घेताना दोन्ही हात पुढे करतात. भेटल्यावर 'जेवलात का' विचारतात, आणि दुसऱ्याच वाक्याला वय. सईला त्याचा राग येतो. मी म्हटलं, "अगं, आपलीच माणसं ती. वय कळल्याशिवाय मान किती द्यायचा ते कसं ठरवणार?"

गेल्या महिन्यात तिला नवीन वर्ग मिळाला. आठ मुलं, सगळी सहा-सात वर्षांची. तिने विचारलं, "आजी, पहिल्या दिवशी काय करू?" आणि मी, जिने जन्मात पाटीवर रेघ ओढली नाही, ती मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "सगळ्यांची नावं लाल रंगाने लिही. लाल शुभ असतं. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेलासुद्धा पहिलं कुंकू लागतं."

पोरीने अख्खा रविवार घालवला. आठ कार्डं कापली, त्यावर जाड लाल पेनने आठ नावं लिहिली. सोमवारी दोन्ही हातांनी एकेकाला दिली.

...आणि यूना नावाच्या एका चिमुरडीने कार्ड टेबलावर पालथं घातलं आणि ती रडायला लागली. मग तिथल्या हेल्पर टीचरने सईला बाजूला घेऊन सांगितलं.

"आजी, इथे रेडमध्ये नाव लिहिलं ना, तर दॅट मीन्स तो माणूस मेला."

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. आठ जिवंत लेकरं, आणि माझ्या अकलेने आम्ही...

यूनाच्या आईचा क्लासच्या ऑफिसात फोन आला होता. मुलं सईकडे बघेनात. ती म्हणाली, "मी घरी येते. मला जमत नाही हे." मी एरवी तिची रोज टिंगल करते, पण तेव्हा करवेना. ती परत आली तर माझ्या डोळ्यांना बरंच आहे. पण अशी, मान खाली घालून यायला नको होती.

मी म्हटलं, "उद्या फोनवर मला त्या पोरांना दाखव. चूक माझी आहे, मी निस्तरते."

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही नका मध्ये पडू." म्हटलं, "मी आधीच पडले आहे. आता उठायचं बघते."

बुधवारी नेसले की चांगली साडी. खाली लोकरी मोजे, पण ते फोनात येत नाहीत. देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा समोर धरला. मी मराठीत बोलायचं, सईने इंग्रजीत सांगायचं आणि हेल्पर बाईने कोरियनमध्ये... माझं बोलणं एवढं लांब कधी गेलं नव्हतं.

म्हटलं, "पोरांनो, आमच्याकडे हा रंग चांगल्या कामाला लावतात. तुमच्याकडचं मला ठाऊक नव्हतं. तुमच्या टीचरने म्हातारीचं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा. आता तुम्ही माझं नाव लाल पेनने लिहा, म्हणजे फिट्टंफाट. मी एक्याऐंशीची आहे, मला काही होत नाही."

सईने लाल पेन पुढे केलं. कुणी हलेना.

मग यूना उठली. तिने दोन्ही हातांनी पेन घेतलं, टोपण घट्ट लावलं आणि ते स्वतःच्या दप्तरात टाकून चेन ओढली. फोनकडे बघून म्हणाली, "नो, ग्रँडमा. नो रेड." त्या वर्गात ती पहिल्यांदाच काही बोलली, असं सई सांगते. मला फोनमध्ये नीट दिसलं नाही... चष्म्याला काहीतरी झालं होतं.

गेल्या शनिवारी पोस्टाने यूनाचं एक कार्ड आलं. हिरव्या अक्षरांत माझं नाव, गोदावरी. तिथल्या पोरांच्या तोंडी ते 'गोदाबारी' होतं म्हणे. वर इंग्रजी, खाली कोरियन, दोन्ही मला सारखीच. कार्ड मी उलटं धरलं होतं, हे सूनबाईने हसत हसत दाखवून दिलं. (हे वाक्य तिने घातलंय. राहू दे.)

सई काही परत येत नाही. यूना पेन देत नाही म्हणून वह्याही हिरव्यानेच तपासते. काल तर फोन करायलाच विसरली. मी तासभर रुसून बसले, मग कार्ड फ्रिजवर लावलं.

माझं नाव आजवर पुष्कळ जणांनी लिहिलं... रेशनकार्डावर, पासपोर्टवर, डॉक्टरांच्या कागदावर. मी नुसता अंगठा पुढे केला. पण ते कुठल्या रंगात लिहिलं तर मी जास्त जगेन, याचा विचार पहिल्यांदा त्या पोरीने केला. यूनाबाई, तुमच्या शब्दाखातर थांबते अजून थोडी.