कांदिलानाफ्तिस

ऑलिव्हचं तेल जळताना हिरवट, किंचित कडसर वास येतो. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या घामट संध्याकाळी शेजारच्या घरात पाऊल टाकलं की चपला काढेपर्यंत तो नाकाशी येऊन पोचतो. मग कोपऱ्यातल्या फळीवर, संतांच्या तसबिरींपुढे, लाल काचेच्या पेल्यात तरंगणारी इवलीशी ज्योत दिसते. खाली पाणी, पाण्यावर तेल, तेलावर बुचाच्या चकतीत खोवलेली वात. तेल संपत आलं की वात पाण्याला टेकते आणि दिवा आपला आपण विझतो. किती साधी आणि बिनधोक व्यवस्था! मी फार्मसिस्ट आहे. मला अशा गोष्टी आवडतात.

हे घर स्टाव्रुला कांदिलानाफ्तिस यांचं. ते आडनाव मी पहिल्यांदा पाहिलं ते औषधाच्या लेबलवर, आणि तेही अर्धंच, कारण उरलेलं मावलं नव्हतं. काउंटरपलीकडून बाई म्हणाल्या, "पूर्ण लिही. मी पूर्ण आजारी आहे." मी पेनाने उरलेली अक्षरं लिहून दिली. पुढे आम्ही घर घेतलं ते नेमकं त्यांच्या शेजारी. ग्रीकांमध्ये आजीला याया म्हणतात. आमच्या गल्लीत लहानथोर सगळेच त्यांना याया म्हणतात.

ग्रीक आडनाव शेपटीवरून ओळखावं, हे मला यायांनी शिकवलं. शेवटी 'आकिस' आलं तर माणूस बहुधा क्रीटचा. सुरुवातीला 'पापा' असेल तर वंशात कुणीतरी पाद्री. कांदिलानाफ्तिस मात्र सरळ कामाचं नाव आहे: देवळातले दिवे लावणारा. दार उघडायचं, झाडायचं, घंटा वाजवायची, आणि तसबिरींपुढच्या एकेका कांदिलीत तेल घालून ती पेटवायची. ही कांदिली आणि आपला कंदील एकाच घराण्यातले. एक शब्द समुद्रावरून बंदराबंदराला लागत कुठल्या कुठे गेला आणि दिवाळीत आपल्या दारावर टांगला गेला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि दुर्मीळ तरी किती! डार्विनमध्ये ग्रीक पुष्कळ, पण या नावाचं घर एकच. यायांच्या नातीने, स्टेलाने, इंटरनेट पालथं घातलं तेव्हा मेलबर्नमध्ये एक बेकरीवाला सापडला आणि ग्रीसमधल्या मूळच्या बेटावर दोनचार म्हातारी घरं. यात नवल तरी काय? लोहार गावोगाव लागतो, म्हणून लोहार जगभर झाले. देवळाला दिवे लावणारा मात्र एकच पुरतो.

माहेरची मी गुरव. कोकणातल्या शंकराच्या देवळात झाडलोट, दिवाबत्ती, बेल, नैवेद्य हे आमचं पिढीजात काम. लग्नाच्या रजिस्ट्रारसमोर ते नाव मी दोन मिनिटांत सोडलं, आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. हुरहूर वगैरे काही वाटली नाही. नाव म्हणजे पाकिटावरचा पत्ता. पत्र पोचलं म्हणजे झालं, असं माझं मत.

माझं हे मत स्टेलाला ठाऊक होतं, म्हणूनच ती माझ्याकडे आली. स्टेला गॅस प्लांटवर इंजिनियर. तिचं लग्न जॉश वॉकर नावाच्या इलेक्ट्रिशियनशी, अडेलाइडला ठरलेलं. ती जॉशचं आडनाव घेणार म्हणताच यायांनी जाहीर केलं, की मी लग्नाला येणार नाही. एकुलत्या एका मुलाची ही एकुलती एक मुलगी, आणि तो मुलगाही आता नाही. तिच्यानंतर इथे हे नाव संपणार.

"आंटी, तू सांग ना तिला," स्टेला म्हणाली. "तू इतकी प्रॅक्टिकल. मी जन्मभर फोनवर स्पेलिंग सांगत आलेय, मेट! मला नुसतं वॉकर व्हायचंय."

"आणि नाहीच आल्या तर?"

तिने बोटातली अंगठी फिरवली. "डॅड नाहीये. चर्चमध्ये मला तीच घेऊन जाणार होती. तिच्याशिवाय मी आत कशी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी डबाभर शंकरपाळे घेऊन मी यायांकडे गेले. त्या पेल्यात तेल ओतत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तिने पाठवलं तुला."

"हो. जॉश चांगला मुलगा आहे, याया. आणि इलेक्ट्रिशियन! दिवे लावणाऱ्यांना याहून शोभणारा जावई कुठून मिळणार?"

"तो बटण दाबतो," याया म्हणाल्या.

मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "मीही नाव बदललं. काही बिघडलं नाही."

"मग मी काय जन्मल्यापासून कांदिलानाफ्तिस होते?" त्या हसल्या. "माझा बाप समुद्रातून स्पंज काढायचा. नाव नवऱ्याचं. पण त्याने आयुष्यात एकदा हा दिवा लावला असेल तर शपथ! आधी बोट, मग बांधकामं, मग पत्ते. नाव त्याने सांभाळलं, तेल मी घातलं."

मला माझी आई आठवली. देवळाच्या सेवेचा आमचा महिना आला की बाबांना दूरच्या शहरातल्या पोस्टातून रजा मिळायची नाही. एसटीने सोळा तास धक्के खात गावी जायची ती आई. पूजा काका करायचे, पण गाभारा धुणं, समया घासणं, वाती वळणं सगळं तिचं. आणि तिचं माहेर तर सुताराचं. सबंध बालपण हे डोळ्यांनी पाहिलं, तरी गुरव कोण म्हटलं की मी बाबांकडे बोट दाखवत आले. बायका नावं बदलतात आणि कामं उचलतात, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली!

"म्हणजे नावाचं तुम्हालाही तेवढं काही नाही," मी म्हटलं. "मग अडेलाइडला जायला अडचण काय आहे?"

यायांनी बाटलीचं झाकण लावलं. ते घट्ट बसलं होतं, तरी पुन्हा फिरवलं. "चार दिवस," त्या हळूच म्हणाल्या. "चार दिवस कोण बघणार?"

आत्ता कुठे मला उलगडलं. मुलगा गेल्यापासून त्यांनी हा दिवा विझू दिलेला नाही. त्यासाठी त्या एक रात्रही बाहेर राहिलेल्या नाहीत. पण ही गोष्ट नातीला सांगायची कशी? तिने एकदा कौतुकाने बॅटरीचा दिवा आणून दिला होता. तो यायांनी न्हाणीघरात ठेवलाय. त्यापेक्षा नावावरून भांडणं सोपं.

"किल्ली द्या," मी म्हटलं.

"तूही लग्नाला येणार आहेस ना? साडी घेतलीस."

"विवेक जाईल. माझा नवरा नाचतोही माझ्यापेक्षा बरा."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुला जमेल?"

"याया, मी गुरवाची मुलगी आहे." किती वर्षांनी उच्चारला मी तो शब्द!

जमलं म्हणावं, तर पहिल्याच संध्याकाळी घोटाळा केला. त्यांची वात दोऱ्याएवढी बारीक. माझ्या बोटांनी सवयीने कापसाची चांगली जाडजूड फुलवात वळली आणि चकतीत कोंबली. ज्योत वीतभर उठली, काजळी धरली, आणि एका दाढीवाल्या संताची काच काळीकुट्ट झाली. अर्धा तास ती पुसत बसले आणि त्यांची मराठीतच माफी मागितली. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ, ड्यूटीच्या आधी आणि नंतर, बारीक वात आणि बेताचं तेल.

लग्नाच्या दिवशी दुपारी विवेकने फोटो पाठवला. पांढऱ्या झग्यातली स्टेला, आणि तिचा दंड धरून ताठ चालणाऱ्या याया. कोण कुणाला नेतंय ते सांगता येऊ नये. पाठोपाठ स्टेलाचाच फोन. मागे वाद्यांचा गलबला. "आंटी, मी वॉकर झाले! आणि याया विचारतेय, इज इट ऑन?"

"आहे म्हणून सांग," मी म्हटलं आणि उठून पुन्हा एकदा पाहून आले.

चौथ्या दिवशी याया परतल्या. बॅग हातातच धरून सरळ कोपऱ्याशी गेल्या, पेला निरखला, संतांच्या काचेवरून बोट फिरवलं. "तेल जास्त घालतेस," म्हणाल्या. मी पर्समधून किल्ली काढून पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. माझीच बोटं तिच्यावर मिटवली आणि त्या चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.