दोन अंश डावीकडे

फोन आला तेव्हा मी गजभियेजींचंच क्षितिज सरळ करत बसले होते. बुधवारची दुपार, प्रतापनगरातलं आमचं घर, कूलरची घरघर आणि संगणकाच्या पडद्यावर खिंडसीचा तलाव. ते नऊ दिवसांपासून दवाखान्यात होते. ऑपरेशन नीट झालंय, आता लवकरच घरी सोडतील, असं त्यांची मुलगी रूपाली म्हणाली होती. म्हणून घरी आल्या आल्या दाखवायला दहा-बारा फोटो तयार ठेवावेत, असं माझ्या मनात होतं. ‘‘काकू, बाबा गेले...’’ एवढंच ती बोलली. मी ‘हो’ म्हटलं. कशाला हो म्हणतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. आणि फोन ठेवल्यावर मी जे केलं ते लिहायचीही लाज वाटते. अर्धवट राहिलेला तो फोटो मी आधी पुरता सरळ केला आणि मग रडले.

त्याला आता दोन महिने होतील. त्यांच्याविषयी लिहा, असं आमच्या फोटोग्राफीच्या वर्गातल्या दोघातिघांनी सुचवलं, आणि मी आज-उद्या करत राहिले. कारण लिहायला बसलं की सगळ्यात आधी तीच गोष्ट समोर येते, जी मी वर्षभर त्यांच्यापासून लपवली आणि ते गेल्यावर त्यांच्या घरच्यांपासूनही. त्यांचे फोटो तिरपे येत होते आणि मी ते गुपचूप सरळ करत होते. ऐकायला किती क्षुल्लक वाटतं! मलाही तसंच वाटायचं.

आमची ओळख धरमपेठेतल्या त्या रविवारच्या वर्गातली. मी टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली, ते भूमिअभिलेख खात्यातून. गावोगाव जाऊन शेताच्या हद्दी मोजणारे मोजणीदार होते ते. बाकीचा वर्ग आमच्या मुलांच्या वयाचा, त्यामुळे मागच्या बाकावर आम्ही दोघंच. लग्नाचे, पाखरांचे, वाघांचे फोटो काढायला शिकायचं होतं सगळ्यांना. नुसती जमीन, पाणी आणि आभाळ काढायचंय असं म्हणणारे आम्ही दोघंच निघालो. मला हे का काढायचं होतं ते मी तेव्हा सांगू शकले नसते. ते मात्र लगेच म्हणाले, ‘‘तीस वर्षं जमीन मोजली, मॅडम. पाह्यलीच नाही. आता पाहाची आहे.’’

मग आमचं ठरून गेलं. महिन्यातून दोन रविवार मी पहाटे गाडी काढायची, कामठीला त्यांच्या घरून त्यांना घ्यायचं आणि खिंडसी, नाहीतर कन्हान नदीचा काठ. कधी ते पहिल्या बसने इकडे यायचे आणि आम्ही फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर जायचो. मी जन्माची काळजीखोर. गॅस बंद केला का, बॅटरी भरली का, ढग आले तर काय, उशीर झाला तर काय... गाडीत माझी ही जपमाळ चालू असायची आणि ते खिडकीबाहेर बघत हसायचे. ‘‘तुम्ही त सूर्याची बी काळजी करता, मॅडम. तो येते नं रोज. त्याले कोणी नोटीस देते का?’’

त्यांची काम करायची रीतच वेगळी होती. जागेवर पोचलं की कॅमेरा पिशवीतच. आधी पावलं मोजत काठापर्यंत जायचे, परत यायचे, मग उभं राहून मोठ्याने चतुःसीमा सांगायचे, जमिनीच्या कागदात लिहितात अगदी तशी. पूर्वेस टेकडी, पश्चिमेस बांध, दक्षिणेस बाभळीची रांग, उत्तरेस पाणी. ते झाल्याशिवाय फोटो नाही. मला सुरुवातीला हसू यायचं. एकदा फुटाळ्यावरचा संध्याकाळचा फोटो मी मोठ्या ऐटीत त्यांना दाखवला. आभाळ केशरी, पाणी केशरी, मी खूश. त्यांनी चष्मा वर केला आणि फोटोच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. तिथे कोणाच्या तरी सायकलचं अर्धं हँडल आलं होतं. ‘‘हे कोणाचं? अतिक्रमण झालं नं तुमच्या फोटोत! आधी चारी हद्दी पाहा मॅडम, मधातलं मंग पाहा.’’ वर्गातल्या सरांनी महिनाभर जे सांगितलं ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या हँडलने शिरलं. आजही बटण दाबण्याआधी माझी नजर चारी कडांवरून फिरून येते.

कॅमेऱ्यात पडद्यावर एक बारीक रेघ दाखवायची सोय असते. आपण वाकडे धरतोय की सरळ, ते ती सांगते. मी तिच्याशिवाय एक फोटो काढत नसे. त्यांनी ती पहिल्याच दिवशी बंद करून टाकली. ‘‘अख्ख्या तालुक्याले मी रेघ दाखवली. आता हे डबडं मले रेघ दाखवन?’’ आणि खरंच, पहिलं वर्षभर त्यांच्या एकाही फोटोला हात लावावा लागला नाही. संगणक त्यांना जमत नसे, म्हणून त्यांच्या कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्याकडे यायचं. मी उजेड-सावली जराशी नीट करून द्यायची. पाण्याची रेघ मात्र अशी यायची की बघत राहावं.

दुसऱ्या हिवाळ्यात खिंडसीच्या धुक्यातला त्यांचा एक फोटो मी उघडला आणि मला तो किंचित कलंडलेला वाटला. संगणकावर फोटोवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी टाकून पाहिलं तर पाणी एक अंश डावीकडे उतरत होतं. एक अंश कोणाचाही होतो. मी सरळ केला आणि विसरून गेले. पुढच्या खेपेला दोन अंश. त्यांचं वय, थंडी, हात गारठला असेल... मीच त्यांच्या वतीने कारणं शोधून दिली. होळीपर्यंत तीन झाले. गंमत म्हणजे सगळे डावीकडेच. हात थरथरला तर कधी इकडे, कधी तिकडे व्हायला हवं, एवढं मला कळत होतं. कळूनही मी सरळ करत राहिले.

एकदा बोलायचा प्रयत्न केला मी. कन्हानच्या काठावर त्यांनी कॅमेरा लावला होता आणि मी मागून डोकावले. समोरचं पात्र पडद्यावर उघड उघड उताराला लागलेलं दिसत होतं. मी म्हटलं, ‘‘गजभियेजी, जरासं... क्षितिज तिरपं वाटत नाही का?’’ ते हसले. ‘‘तिरपं? माझं?’’ मग पुन्हा पडद्यात पाहिलं, पुन्हा नदीकडे, पुन्हा पडद्यात. हसू हळूहळू गेलं. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘पाणी कधी तिरपं राह्यते का, मॅडम? मले त बराबर दिसून राहिलं.’’ त्या आवाजात जे होतं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ते घाबरले होते. आणि मी काय केलं? मी म्हटलं, ‘‘नाही नाही, माझ्याच चष्म्याचा दोष असेल.’’ त्यांचा चेहरा लगेच मोकळा झाला. ‘‘तेच म्हटलं!’’ म्हणाले आणि बटण दाबलं. त्या दिवशी घरी येऊन पाहिलं तर चार अंश होते.

त्यानंतर तर माघारच नव्हती. वर्गाचं छोटं प्रदर्शन भरलं, त्यात त्यांचा खिंडसीचा फोटो लागला. मी सरळ केलेला. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की क्षितिज कसं असावं ते या फोटोत पाहा. गजभियेजी खाली मान घालून म्हणाले, ‘‘मोजणीचा डोळा आहे सर, जात नाही तो.’’ मी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मात्र मला त्यांच्यासोबत जायची धास्ती वाटू लागली. बांधावरून उतरताना त्यांचा पाय चुकायचा, ते माझा खांदा धरायचे आणि म्हणायचे, चप्पल नवी आहे. पोह्यावर तर्रीचा रस्सा घेताना ती ताटलीच्या बाहेर सांडायची. मी कागदाने पुसून टाकायची, आणि बोलायचो आम्ही उजेडाबद्दल. दोनदा मी रूपालीला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. काय सांगणार होते? तुझ्या बाबांचं क्षितिज तिरपं येतंय म्हणून? ती हसली असती. निदान मी स्वतःची अशी समजूत घातली.

मग ते अंगणात पाणी भरता भरता पडले. लहान मेंदूपाशी गाठ होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्यासाठीची बुद्धवंदना होऊन सगळे पांगल्यावर, रूपाली माझ्या शेजारी येऊन बसली आणि सहज सांगावं तसं म्हणाली, ‘‘डॉक्टर विचारत होते काकू, त्यांना वस्तू तिरप्या दिसत होत्या का, तोल जात होता का. गाठ जुनी होती म्हणे. आम्ही नाही म्हटलं. आमच्या तं काही ध्यानातच आलं नाही...’’ माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो मी दोन्ही हातांनी धरून ठेवला. आधी कळलं असतं तर ते वाचले असते का, हे मी आजवर कोणत्याही डॉक्टरला विचारलेलं नाही. दोन्ही उत्तरांची मला भीती वाटते.

मागच्या महिन्यात मात्र राहवेना. त्यांच्या कार्डावरचे सगळे मूळ फोटो, माझा हात न लागलेले, मी कागदावर काढून घेतले आणि कामठीला गेले. सुमनताई, त्यांच्या पत्नी, घरी एकट्याच होत्या. मी पलंगावर फोटो तारखेनुसार मांडत गेले आणि सांगत गेले. हा एक अंश. हा दोन. हा कन्हानचा, चार... शेवटचा खिंडसीचा होता. पडायच्या आधीच्या रविवारी काढलेला. सात. त्यात तलाव असा उतरला होता की डावीकडून पाणी सांडेल असं वाटावं. सुमनताई एक-एक फोटो हातात घेऊन बघत होत्या. मग उठल्या आणि आत गेल्या. आतून भांड्याचाही आवाज येत नव्हता. त्या आता मला जायला सांगतील, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या बाहेर आल्या त्या हातात पाणी घेऊन. समोर बसल्या. म्हणाल्या, ‘‘वर्षभरापासून घड्याळ, कॅलेंडर, काही बी लावलं का तिरपंच लावे तो माणूस. पलंगावरची चादर तिरपी. त्याची पाठ फिरली का मी सरळ करून देत होती. त्याले वाईट वाटन म्हणून.’’ मला रडू फुटलं. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो सोडवून घेतला. ‘‘पण नीलाताई, माझ्यापाशी नुसता अंदाज होता. तुमच्यापाशी त आकडा होता वं.’’

चहा झाला, मी निघाले. दारापर्यंत त्या आल्या नाहीत. परतताना पूर्ण रस्ताभर माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य होतं आणि ते खोटं आहे असं मला कुठूनही म्हणता येत नव्हतं.

आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला. ‘कसं काय’ नाही, ‘बरं आहे का’ नाही. थेट म्हणाल्या, ‘‘फोटो काढाले जाता का अजून?’’ मी नाही म्हटलं. खरंच कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. ‘‘काहून? जात जा. अन् काढला का मले पाठवा. जसा निघाला तसा. सरळ-बिरळ नका करू.’’ आणि फोन ठेवला. तेव्हापासून दर रविवारी मी एकटी जाते, फोटो काढते आणि काठावरूनच त्यांच्या मोबाइलवर पाठवते. रेघ बंद ठेवून. सुमनताई नातवाची पट्टी पडद्याला लावून पाहतात, असं रूपालीने मला सांगितलं. मग त्यांचा निरोप येतो, ‘बराबर आहे.’ तो येईपर्यंत मी गाडीत बसून असते.

गेल्या रविवारी अंबाझरीवरून पाठवला. निरोप आला नाही, फोनच वाजला. ‘‘ताई, डावीकडे गेला वं आज. दोन तरी असन. उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन या.’’ मी हसत म्हटलं, अहो, गाळात कॅमेऱ्याच्या स्टँडचा एक पाय रुतला होता, उचलताना दिसला मला. ‘‘असन रुतला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तरी जाऊन या. मी येतो संगं.’’

आणि त्या आल्या. सोमवारी, कामठीच्या पहिल्या बसने. डॉक्टरांनी मला रेघेवर चालवलं, डोळे मिटून उभं केलं, काही नाही म्हणाले. सुमनताई शेजारच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर त्या थांबल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘‘एवढंच त कराचं होतं वं.’’