धुरीचा शेवटचा अर्ज

मास्तर लोकांकडे दोन गोष्टी न मागता साठतात. एक न तपासलेले पेपर, दुसरे किस्से. पेपर शिव्या घालत का होईना, कधीतरी संपतात. किस्से मात्र सांगावेत तसे वाढत जातात, आणि ज्याच्यावर बेतलेले असतात तोच ते सगळ्यांत रंगवून सांगू लागतो!

मालवणकडच्या एका नव्या कॉलेजात मी गणित शिकवायला लागलो, तो साठ-एकसष्टचा सुमार. सहा मास्तर, एक लांब टेबल आणि खाऱ्या हवेने गंजलेलं एक कपाट, एवढीच आमची स्टाफरूम. तिथले निम्मे किस्से एकाच माणसाचे आणि एकाच कागदाचे. माणूस म्हणजे प्राणिशास्त्राचा धुरी, आणि कागद म्हणजे विद्यापीठाच्या फेलोशिपचा अर्ज.

फेलोशिप मिळाली की वर्षभर भरपगारी रजा, मुंबईत प्रयोगशाळा, आणि पुढे डॉक्टरेटची वाट मोकळी. अट एकच जाचक होती, वय पस्तिसाच्या आत हवं. धुरीला चौतीस पुरी झाली होती आणि दोन अर्ज फुकट गेले होते. तिसरा गेला की कायमचं बेडूक कापत बसायचं.

*

पहिले दोन अर्ज कसे गेले ते ऐका.

अर्जासोबत प्रिन्सिपॉलचं शिफारसपत्र लागे. त्यात एक वाक्य सक्तीचं होतं, की हे गृहस्थ वर्षभर नसले तरी कॉलेजच्या कामात खंड पडणार नाही. आमचे प्रिन्सिपॉल देवमाणूस. धुरीवर त्यांचा फार जीव. म्हणाले, "असं अभद्र मी लिहिणार नाही!" आणि त्यांनी लिहिलं, "प्रा. धुरी यांच्याशिवाय आमच्या कॉलेजचं पानही हलत नाही."

विद्यापीठाने कळवलं, इतक्या गरजेच्या माणसाला आम्ही हलवू इच्छित नाही.

दुसऱ्या वर्षी धुरी हात जोडून त्यांच्यापुढे उभा. "सर, यंदा माझी थोडी निंदा करा!"

प्रिन्सिपॉलांनी मन घट्ट केलं. लिहिलं, "प्रा. धुरी वर्षभर नसले तरी ते कोणाच्या लक्षातही येणार नाही." अर्ज आठ दिवसांत परत आला. कारण द्यायचीही तसदी कोणी घेतली नाही.

तिसऱ्या वर्षी ते पत्र मी समोर बसून लिहून घेतलं. "वर्षभर आम्ही कसंबसं भागवून घेऊ," असा मजकूर सुचवला. प्रिन्सिपॉल अडले. "कसंबसं हा शब्द ऑफिसच्या कागदात चालतो का?"

मी वैतागलो होतो. म्हटलं, "सर, आपलं अख्खं कॉलेज तसंच चाललंय, शब्दाला काय धाड भरलीय?" त्यांनी पत्र पुढे ओढलं आणि सही केली.

*

धुरीचा विषय होता खाडीतल्या तिसऱ्या. शिंपल्यातल्या त्या तिसऱ्या, ज्यांचं कालवण आपण ओरपतो, त्या कोणत्या भरती-ओहोटीला किती सापडतात आणि कधी वाढतात, हे त्याला मांडायचं होतं.

अर्ज टाइप करायला हेडक्लार्क राण्यांकडे गेला. राण्यांनी विषय वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सर, तिसऱ्यो शिजाक पाच मिनिटां लागतत. तुमका आख्खा वर्ष कित्याक होया?"

स्टाफरूम हसली. धुरी हसला नाही. त्याची आई मिठबावच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभी राहून तिसऱ्या काढायची, त्याच विकून तिने त्याला बी. एस्सी. केलं होतं. राण्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी अर्जाच्या लागणाऱ्या सातही प्रती चहा न पिता टाइप केल्या, आणि पहिल्यांदाच एकही खाडाखोड झाली नाही.

*

तरी उशीर झालाच. मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. टपालाने अर्ज पोचणं अशक्य, म्हणून मुंबईच्या बोटीने कोणातरी ओळखीच्या हाती तो द्यायचा ठरला. आम्ही बंदरावर पोचलो तर माणसं घेऊन शेवटची होडी निघून गेलेली, आणि बोट लांब पाण्यात शिटी देतेय!

धुरीने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, कोणाची तरी डोणी पाण्यात लोटली आणि टायसकट वल्हवत सुटला. मी धक्क्यावर. बोटीने नांगर उचलला तेव्हा तो तिच्या पोटाशी पोचला होता. मसुऱ्याचा एक ओळखीचा गृहस्थ वर कठड्याशी उभा होता. धुरीने उभं राहून लिफाफा त्याच्याकडे फेकला. पहिल्यांदा तो हुकून परत डोणीतच पडला. दुसऱ्यांदा त्या माणसाने झेलला.

"आत काय आसा रे?" तो वरून ओरडला.

"माजा नशीब आसा! भिजवू नको!"

*

महिन्याभराने विद्यापीठाचं पत्र आलं. अर्ज पसंत आहे, परंतु अर्जात 'मूळ नोंदी मिठबाव येथील घरी' असं म्हटलं आहे. आमचे परीक्षक त्या बाजूला येत आहेत, ते नोंदी पाहतील आणि मगच निर्णय होईल.

मी विचारलं, "कसल्या नोंदी आहेत रे घरी?"

"भिंतीवर," धुरी म्हणाला.

धुरी आठवडाभर कॉलेजात, त्यामुळे मोजणी आईने करायची असं ठरलं होतं. तिला लिहिता येत नव्हतं. दर अमावास्येला आणि पुनवेला खाडीतून आली की ती घरच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची. टोपलीला एक रेघ, शिंपले बारके असले तर शेजारी ठिपका, गेलीच नाही तर फुली. धुरी सुट्टीत जाऊन ते वहीत उतरवायचा. वहीवरून तक्ता झाला आणि तक्ता अर्जाला जोडला. वर्षभराचा सगळा पुरावा त्या भिंतीवर होता.

ठरल्या दिवशी मी आणि धुरी मिठबावला गेलो. परीक्षकांची जीप खारेपाटणला बंद पडल्याचा निरोप आला. ते दुसऱ्या दिवशी येणार होते. पुढचा निरोप थांब्यावरच येणार, म्हणून आम्ही घरी न जाता एस.टी.च्या थांब्याजवळ एका ओळखीच्यांकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊनच घरी पोचलो. रोड, अबोल माणूस. जाड चष्मा, बगलेत फाइल.

धुरी दारातच थिजला. भिंत पांढरीशुभ्र होती!

"आये, ह्यां काय केलंस गो?"

"काय केलंय म्हंजे?" आई पदराला हात पुसत पुढे आली. "मुंबयचो सायब घरात येतलो, आणि तेका काळ्या भितीसमोर बसवू? काल एक हात मारलंय, रेघो दिसत होत्यो. सायब येवक नाय म्हणान आज सकाळी दुसरो मारलंय."

चुना घरचाच होता, तिसऱ्यांचे शिंपले भाजून केलेला.

परीक्षकांनी विचारलं, "मूळ नोंदी कुठे आहेत?"

धुरीने भिंतीकडे बोट दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

काय झालंय ते आईला आता उमगलं. ती म्हणाली, "सायबानु, वाचून दाखवू काय?"

आणि दाराच्या चौकटीपाशी जाऊन तिने कोऱ्या भिंतीवर बोट ठेवलं. "हयसून सुरू. आषाढातली अमाशा. पाणी गढूळ, मी गेलंय नाय. फुली. तेच्या फुडची पुनव. चार टोपले, बारके शिंपये. मगे श्रावणातली अमाशा. सात. त्या दिवशी धाकट्या नणंदेक चेडू झालां."

परीक्षक जमिनीवर मांडी घालून बसले. फाइलीतून धुरीचा तक्ता काढला आणि एकेका आकड्यावर पेनाने खूण करू लागले. आईचं बोट भिंतीवरून सरकत होतं. एका ठिकाणी तिने हातभर जागा सोडली. "हय कंदिलाचो खुंटो मारलेलो, म्हणान रेघो पलीकडे." तिथे खरंच चुन्याने माखलेली एक खुंटी होती.

"शिमग्याची पुनव," ती म्हणाली. "अकरा."

पेन थांबलं. "इथं तेरा लिहिलंय."

"अकरा," आई म्हणाली.

धुरीने माझ्याकडे पाहिलं. कारण ते तेरा माझे होते! आलेखाची रेघ त्या जागी खाली घसरत होती. मीच म्हटलं होतं, "अरे, तेरा धर, रेघ कशी सुंदर जाते बघ!" गणिताचा मास्तर ना मी!

"तेरा कुठून आले?" परीक्षकांनी धुरीला विचारलं.

माझं नाव त्याच्या ओठांवर असेल असं मला वाटलं. मला माझीच लाज वाटत होती, पण तोंड उघडायची हिंमत होईना.

"माझी चूक, सर," धुरी म्हणाला. "तेरा खोटे आहेत. आई सांगते तेच खरं."

परीक्षकांनी तेरा खोडले, अकरा लिहिले आणि शेजारी आपली छोटी सही केली. "पुढे वाचा, बाई."

आईने कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत वाचली. नंतर एकही आकडा चुकला नाही.

मग त्यांनी तपासणीचा छापील कागद काढून गुडघ्यावर घेतला. शेवटची ओळ मला वरून दिसत होती. 'मूळ नोंदी प्रत्यक्ष पाहिल्या / पाहिल्या नाहीत. नको ते खोडावे.' पेन त्या ओळीवर बराच वेळ अधांतरी राहिलं. धुरीने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

परीक्षकांनी मान वर करून त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे एकदा नीट पाहिलं, 'पाहिल्या नाहीत' हे शब्द खोडले, आणि खाली पूर्ण सही केली.