कागदाची द्राक्षं

थाक म्योंगोक बाईंचं लहानपण सामचोकच्या किनाऱ्यावर, मासे वाळवणाऱ्या घरात गेलं. शाळेत त्यांनी तळहातावर इतक्या छड्या खाल्ल्या होत्या, की शिक्षिका झाल्यावर छडीच काय, साधी पट्टीसुद्धा त्यांनी कधी टेबलावर ठेवली नाही. त्याऐवजी त्यांनी भिंतीवर द्राक्षं लावली. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक कागदी घड. चांगलं काम केलं की त्यावर एक जांभळा मणी चिकटायचा. घड भरला की वर्गासमोर उभं राहून हवं ते मागायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मात्र चौघांच्या गटातला एक जरी मागे पडला, तरी त्या दिवशी गटात कुणालाच मणी नाही. अशानं मुलं एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकतात, असं बाई चारचौघांत अभिमानानं सांगत, आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या की त्यांना बरं वाटे.

दुसरीतली दान्बी वाचताना अडखळायची. गटातली पोरं तिला काही बोलत नसत, नुसती घड्याळाकडे बघत बसत. बाईंना तो त्यांचा समजूतदारपणा वाटे. पोरीला जरा हुरूप यावा म्हणून त्यांनी खिडकीतल्या कुंड्या तिच्याकडे सोपवल्या आणि पाणी घातलं की तिला वरचा एक मणी द्यायला सुरुवात केली. थंडी पडेपर्यंत दान्बीचा घड भरला. त्या दिवशी बाई घरून सगळ्यांसाठी तांदळाची मिठाई घेऊन आल्या. आता पोरीला कंठ फुटणार, अशी त्यांची खात्रीच होती.

दान्बी पुढे येऊन उभी राहिली.

"बोल बाळा, काय हवंय?" बाईंनी विचारलं.

"मला गटातून काढा, बाई." ती एकदाही अडखळली नाही. "मी मागे कुंड्यांपाशी एकटी बसेन. मग माझ्यामुळे कुणाचे मणी जाणार नाहीत."

बाईंना वाटलं, एवढ्याशा जिवानं हे कधीपासून घोकून ठेवलं असेल?

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. वर्गाचा नियमच होता तो. सगळ्यात जोरात टाळ्या दान्बीच्याच गटातून आल्या, आणि त्यात कुचेष्टा अजिबात नव्हती.

"दान्बी, तू खरंच चांगली आहेस गं," शेजारी बसणारा गिहून मनापासून म्हणाला.

दान्बी हसली. तिला हसताना बाई पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांना स्वतःच्या हातावरचे छडीचे वळ आठवले. ते निदान आईला दिसायचे, आणि ती तेल लावायची.

मग दान्बीची नजर बाईंच्या हातांवर गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही टाळ्या नाही वाजवल्यात, बाई," ती हळूच म्हणाली. "मी चुकीचं मागितलं का?"