संबंधित नवऱ्या

चहा आधी संपवा, कारण हे ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही. एका साध्या शब्दापायी मी बायकोच्या सख्ख्या भावाचं ठरलेलं लग्न मोडायला काढलं होतं. तेही दुकानातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या!

माझा शहाद्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो काढायचे आणि स्वतःच्या वेबसाइटवर टाकायचे. प्रत्येक कार्यक्रमाची एक पोस्ट. तिला वर्गवारीची लेबलं लावायची: नवरीचं नाव, नवरदेवाचं नाव, फोटोग्राफर म्हणून माझं आणि सजवलेल्या गाडीचा ड्रायव्हर म्हणून किरणचं. किरण म्हणजे माझा मेव्हणा. कुठल्याही नावावर क्लिक केलं की त्या नावाच्या सगळ्या पोस्टी एका पानावर येतात.

इथवर सगळं ठीक होतं. पण मला सुख बोचायला लागलं ना! वाटलं, प्रत्येक नावाच्या पानाखाली एक चौकोन द्यावा, 'संबंधित' म्हणून. ज्या दोन नावांची एखादी पोस्ट सामाईक, ती एकमेकांशी संबंधित. चौकोनात जागा कमी, म्हणून फक्त नवरीमुलींची नावं घेतली. गिऱ्हाईक येतं तेच मुळी नवरीचे फोटो बघायला! स्वतःवर इतका खूश झालो, की घरी जाताना जिलेबी नेली.

त्याच आठवड्यात किरणचं म्हसावदच्या ज्योतीशी जमलं. साखरपुडा तोंडावर आला. आणि ज्योतीच्या मामांनी, धनराज मामांनी, मोबाइलवर होणाऱ्या जावयाचं नाव टाकून शोधलं. सगळ्यात वर काय आलं असेल? माझीच वेबसाइट!

मामांचा फोन आला.

"पाव्हना, ही वैशाली कोन शे?"

"कुठली वैशाली, मामा?"

"बरं, मनीषा कोन शे? रोहिणी कोन शे? कविता? तुम्हना सालाना इतल्या पोरीससंगे संबंध, आनं ते तुम्हीच छापी ऱ्हायनात?"



"मामा, संबंध नाही हो, संबंधित!"

"फरक काय शे त्यामा?"

आता 'किरण गाडीचा ड्रायव्हर आहे' एवढंच म्हणायचं होतं. सुचायला नको? मी शास्त्र सांगायला गेलो. "म्हणजे त्यांच्यात सामाईक आहे ना, मामा..."

"सामाईक?" म्हसावदची आरोळी फोनशिवाय शहाद्यात पोचली असेल. "पोरी सामाईक?"

"नाही, नाही! थांबा, मी आत्ता फिल्टर लावतो!"

घाईघाईने नियम बदलला. एक पोस्ट सामाईक असून चालणार नाही, निदान दोन पाहिजेत. बाईमाणसाचं लग्न एकदाच होतं, तेव्हा किरणच्या पानावरच्या सगळ्या नवऱ्या गळणार. आहे की नाही हुशारी?

पान पुन्हा उघडलं. सगळ्या गळाल्या होत्या. वैशाली उरली होती.

का? तर सारंगखेड्याच्या या वैशालीचा साखरपुडा, हळद, लग्न, सगळं आम्हीच केलेलं. प्रत्येकाची वेगळी पोस्ट आणि प्रत्येकीत किरणची गाडी!

मामांचा पुन्हा फोन. आवाज एकदम शांत.

"बाकीन्या सोडी दिन्यात तर. म्हंजे हाई पक्की शे."

संध्याकाळी आम्ही म्हसावदच्या रस्त्याला. किरण गाडी चालवत होता. बोलण्याचं काम माझ्या बायकोकडे, सुनंदाकडे होतं. "मन्हा भाऊनं लगीन मोडनं, तर मन्हा माहेरनं दार तुम्हले बंद. आनं आपला घरनं बी!" मी मागच्या सीटवर लॅपटॉप पोटाशी धरून बसलो होतो, आरोपीसारखा.

ओसरीवर मामा, मामी आणि अर्धी गल्ली. किरणने तोंड उघडलं की मामी म्हणायच्या, "तू उगा ऱ्हाय." मी टर्म, टॅक्सॉनॉमी वगैरे वेबसाइटची भाषा सुरू केली, तर मामांनी हात वर केला. "पाव्हना, मराठीमा बोला." मराठीत बोललो. आणखीच बिघडलं.

तेवढ्यात ज्योती बाहेर आली. तिने माझ्या हातातून लॅपटॉप घेतला आणि इतका वेळ कुणालाच न सुचलेली गोष्ट केली. वैशालीच्या नावावर क्लिक करून फोटो बघितले!

बघता बघता तिने ओढणी तोंडाला लावली. मला वाटलं, संपलं, पोरगी रडते. खांदे हलत होते. पण ती हसत होती हो!

"मामा, दखा ना! वैशाली मांगे नवराजवळ बसीसन रडी ऱ्हायनी, आनं हाऊ पुढे स्टेरिंगवर बसीसन आरशामा केस नीट करी ऱ्हायना!"

मग मनीषाचे फोटो काढले. मागे मनीषा रडतेय, पुढे किरण, आरसा, केस. रोहिणीच्या लग्नातही तेच!

मामांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि पोट धरून हसायला लागले. "अरे, जावई डायव्हर म्हनीसन संबंधित शे!"

किरणने सोडलेला श्वास ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मला ऐकू आला. मामींनी शेवभाजी आणली. तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं असं सगळ्यांना वाटलं, ते बरंच झालं.

मी सुटलो असतो. पण ज्योतीला आता गोडी लागली. "जिजाजी, तुम्हनं पान दखू?"

माझं पान! मी फोटोग्राफर, प्रत्येक पोस्टवर माझं नाव. दोन-दोन कार्यक्रम आमच्याकडे केलेल्या तालुकाभरच्या नवऱ्या तिथे ओळीने उभ्या. सुनंदाने नावं वरून खाली वाचली, मग खालून वर.

"यामा मी कोठे शे?"

कुठे असणार? आमच्या लग्नाचे फोटो कधी साइटवर टाकलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच आमच्या लग्नाचा फोटो शोधला, पोस्ट टाकली, दोघांची नावं लावली. सुनंदाला बोलावून मोठ्या ऐटीत पान उघडलं.

तिचं नाव नाही!

मग डोक्यात प्रकाश पडला. सामाईक पोस्टी निदान दोन पाहिजेत. नियम कुणाचा? माझाच.

सुनंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इतला वरीस संसार करीसन मीच गळनू? आते दुसरी पोस्टसाठे तुम्हनासंगे अजून एकदाव लगीन करनं पडी का?"

"करू की!" मी पटकन म्हणालो.

"इचार करीसन सांगसू," ती म्हणाली.

किरणचा साखरपुडा थाटात पार पडला. हिचा विचार अजून चालूच आहे.