वर्नाने निवडलेली काडतुसं

शाळेतली स्वयंपाकाची नोकरी संपली आणि आमच्या अलास्कातल्या वर्ना टोलिफसनने आयुष्यात पहिल्यांदा मूस हरणाच्या शिकारीचा परवाना काढला. दांडा खालीवर करून भरायची नवऱ्याची जाडजूड रायफल घेऊन ती बंदुकांच्या दुकानात आली.

"सगळ्यात जड काडतुसं दे."

"अगं, ती अस्वलासाठी. खांदा निखळेल," दुकानदार ऑरिन म्हणाला.

"तीस वर्षं बटाट्यांची पोती उचललीत मी!"

दुकानामागच्या मैदानात तिने बार काढला आणि थेट चिखलातच बसली. टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे. आम्ही धावलो, तर बाई खो खो हसत होती! "आणखी एक!" पुन्हा तेच. निशाण मात्र कोरंच.

मग ऑरिनने हलकी, चपट्या टोकाची काडतुसं दिली.

"टोकदार का नाहीत?"

"या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. टोक पुढच्याच्या बुडाला टोचलं, तर आतच स्फोट."

या वेळी तिने तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही मधोमध लागल्या. वर्नाने ऑरिनला धरून गिरकीच घेतली. त्याच आठवड्यात तिने चाळीस पावलांवरून एका गोळीत मूस पाडला आणि अख्ख्या गावाला जेवायला बोलावलं. वाढताना खांदा चोळत म्हणते कशी, "जड काडतुसांची मजाच और होती!"